खांदेकरी

ड्रायव्हरचा धाकटा भाऊ वेगळ्या देशाच्या मागणीसाठी निघालेल्या मोर्चात गोळी लागून गेला, तेव्हा खांदा द्यायला त्या चळवळीचे पुढारी, म्हणजे त्याचे साहेब, स्वतः आले होते.

आज राजधानीहून परतताना साहेब मागच्या सीटवरून फोनवर बोलत होते. “मोर्चात माणसं मेली, तेव्हा कुठे वरचे नरमले. माझी लाचखोरीची चौकशी बंद केली त्यांनी. आता ते वेगळ्या देशाचं खूळ आवरतं घ्या.”

ड्रायव्हरने रस्त्यावरची नजर हलवली नाही.

घरी आईने ताट वाढता वाढता विचारलं, “साहेब काही बोलले का रे? आपल्या धाकट्याचं मरण वाया तर नाही ना गेलं?”

“नाही गेलं, आई.”

आई कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. त्याने मात्र आपलं ताट तसंच बाजूला सारलं, कारण तो खोटं बोलला नव्हता.