मोठ्यांचा तान्हा पोळा

"फक्त माह्यं नाव घेऊ नका, गुरुजी," पंचफुलाबाई म्हणाल्या. "मायचं कोनता पोरगा आयकते? तुमचं आयकतीन."

श्रीधर मास्तर सौंसरहून बदलून पांढुर्ण्याला आले त्याला वर्षही झालं नव्हतं. पण पंचफुलाबाई शाळेच्या ओसरीवर का आल्या हे त्यांना सांगावं लागलं नाही. पोळा चार दिवसांवर आला होता, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार.

जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवायचं, त्याला झेंडा बांधायचा. या काठावर पांढुर्णा, त्या काठावर सावरगाव. पांढुर्ण्याच्या गड्यांनी दगड खात जाऊन झाड तोडायचं नि झेंडा आणायचा. सावरगावनं दगड मारून त्यांना अडवायचं. दिवस बुडेपर्यंत झाड उभं राहिलं तर सावरगाव जिंकलं. नागपूर मुंबई राज्यात जाणार, आपण मात्र मध्यप्रदेशातच राहणार, यावर त्या दिवसांत पानठेल्यापासून कचेरीपर्यंत वाद चालले होते. पण गोटमार म्हटली की राज्यबिज्य सगळं बाजूला राही.

पंचफुलाबाईंचा गुणवंता एकुलता एक. गेल्या साली त्याच्या कपाळाला टाके पडले होते.

"झोप नाई लागत मले," त्या म्हणाल्या. "नुसता जीव वरखाली होऊन राहिला."

मास्तरांना वाईट वाटलं. शिवाय त्यांना सुधारणेची हौस होती, आणि हौसेला मोल नसतं. गोटमारीच्याच दिवशी लहान पोरांचा तान्हा पोळा असे. चाकं लावलेले लाकडी बैल घेऊन पोरं दारोदार फिरत. त्यावरून मास्तरांना सुचलं की मोठ्यांचाही तान्हा पोळा करावा, पण बैलांऐवजी मोटारींचा. संत्र्यांच्या खोक्यांच्या फळ्या, टिनाची झाकणं, दोऱ्यांची रिकामी रिळं घेऊन ज्यानं त्यानं आपली मोटार बनवायची आणि संध्याकाळी शाळेच्या उतारावरून सोडायची. खेळीमेळीनं सगळं.

"पण त्यासाठी गोटमार सोडून कोण येईल?" त्यांनीच शंका काढली.

"केशवरावजीनं नवीन लॉरी घेतली ना," पंचफुलाबाई म्हणाल्या. "जो जिंकन त्याले चालवाले शिकवतीन म्हना. बक्षिसाचं मी पाहतो. त्याईच्या घरी जानंयेनं हाय माह्यं."

मास्तरांना ते पटलं. लॉरीच्या चाकामागं बसायला गावातला कुठलाही जवान पोरगा उपाशी राहिला असता.

"अन् गुनवंता एकटाच नको. चिंधूले पयले सांगा. जयवंतालेही. त्याईलेही माय हाय ना, गुरुजी."

चिंधू हा कुऱ्हाड घेऊन सर्वांत पुढं घुसणारा, म्हणून सर्वांत जास्त दगड खाणारा. जयवंता त्याच्या बाजूनं ढालीसारखा चालणारा. या बाईला दुसऱ्यांच्या लेकरांचीही काळजी आहे, याचं मास्तरांना फार कौतुक वाटलं.

गोटमारीच्या दिवशी सकाळी तिघंही आले, आणखी पाचसहा गडीही आले. दुपारपर्यंत ठाकठोक बरी चालली. मग नदीकडून ढोल ऐकू यायला लागले.

हातोड्या थांबल्या. मास्तर ओसरीवर येरझारा घालू लागले.

चिंधू उठला. "गुरुजी, मी पाहून येतो. उभ्या उभ्या."

"उभ्या उभ्या गेलेला माणूस आडवा येतो तिथून," मास्तर म्हणाले. "बैस."

"गाव काय म्हनन आमाले? झाड कोन तोडन?"

पुन्हा आरोळी उठली. जयवंतानंही हातातली फळी खाली ठेवली. आता हे सगळे जातात आणि आपलं हसं होतं, असं मास्तरांना वाटलं. गुणवंताला काही झालं तर त्याच्या आईला कोणत्या तोंडानं भेटायचं?

तेवढ्यात पंचफुलाबाई भज्यांची टोपली घेऊन आल्या. त्यांनी पोटच्या पोराकडं पाहिलंही नाही. सरळ चिंधूसमोर पान मांडलं.

"बस, पोरा. गरम गरम खाऊन घे. तुही मोटार तं साऱ्यात पुढं दिसून राहिली. केशवरावजी आत्ताच इचारत होते, चिंधू हाय ना म्हनून."

चिंधू घुटमळला. नदीकडं पाहिलं, आपल्या मोटारीकडं पाहिलं. मग बसला. तो बसला तसे बाकीचेही बसले.

"दिवस बुडेपर्यंत चालू द्या, गुरुजी," जाताना त्या हळूच म्हणाल्या.

उन्हं उतरल्यावर मोटारी सुटल्या. गुणवंताची वाटेतच उलथली. जयवंताची भिंतीवर गेली. चिंधूची तीरासारखी खाली पोचली. केशवरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि दुसऱ्या दिवसापासून लॉरीवर यायला सांगितलं. चिंधू हसला, पण त्याचे कान नदीकडंच होते. तेवढ्यात बातमी आली. झाड उभंच राहिलं. झेंडा सावरगावकडं गेला, कितीतरी वर्षांनी.

पोरं माना खाली घालून घरी गेली. मास्तरांना मात्र झेंड्याचं सोयरसुतक नव्हतं. एकाचंही डोकं फुटलं नव्हतं. ते तडक पंचफुलाबाईंच्या घरी निघाले. ही आनंदाची बातमी त्या माउलीला आपणच द्यावी, असं त्यांच्या मनात होतं.

ओट्यावर त्यांचे यजमान बापूजी एकटेच तंबाखू मळत बसले होते. चेहरा उतरलेला.

"बाई कुठं आहेत? त्यांना सांगा, गुणवंताच्या अंगावर ओरखडासुद्धा नाही."

"गुनवंताले तं मी घरातच कोंडून ठेवनार होतो," बापूजी म्हणाले. "त्याची मायच म्हने, एकट्याले कोंडून काय फायदा."

"म्हणजे?"

बापूजींनी नदीपलीकडं हात केला. तिकडं ढोल वाजत होते.

"सावरगावची लेक हाय ते, गुरुजी. भावाईले गुलाल लावाले गेली."