चौघांचं औषध

"औषध चौघांनाही एकाच दिवशी घ्यावं लागेल," डॉक्टर मुकादमबाई म्हणाल्या. "एकत्र जेवणाऱ्यांच्या पोटातले जंतूही एकच होतात. कुणी राहिलं, तर हे दुखणं फिरून परत येतं. बाकीची दोघं कुठे आहेत?"

"घरात आम्ही दोघंच असतो," कुमुदिनी म्हणाली. शेजारी तिचे यजमान, भास्करराव, मान खाली घालून बसले होते.

डॉक्टर पडद्यावरचा तपासणीचा अहवाल बघत म्हणाल्या, "यांच्या पोटात आणखी एका जोडप्याचे जंतू आहेत, आणि ते रोजच्या जेवणातून आलेत. त्यातल्या बाईला तिचे पहिले जंतू जन्मताना तुमच्याकडून मिळालेत. ती तुमच्याच पोटची आहे."

कुमुदिनीच्या पोटची लेक एकच, केतकी. तिने जातीबाहेर लग्न केलं, तेव्हा भास्कररावांनीच बजावलं होतं, मुलगी आपल्याला मेली. त्यांच्या शब्दाखातर कुमुदिनीने सहा वर्षं लेकीचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

"तुम्ही तिच्याकडे जेवता?" कुमुदिनीने यजमानांना विचारलं.

"दुपारी जातो," ते पुटपुटले. "तुला सांगायचं धाडस झालं नाही."

"मग मी रोज भरून देते तो डबा?"

"तो केतकी खाते. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही."

कुमुदिनी उठली आणि तिने डॉक्टरांपुढे हात पसरला.

"चौघांचं औषध माझ्याकडे द्या," ती म्हणाली. "तिचं मी नेऊन देईन. यांनी फक्त घर दाखवावं."