मोकळा गळा

“गळा मोकळा हवा, बाई. आमच्या पिशाच्चाने काय मंगळसूत्र चावायचं?” दिग्दर्शक हसले.

नायिका हसली नाही. तिच्या नवऱ्याचं सकाळपासून ऑपरेशन चालू होतं. मंगळसूत्र काढून तिने माझ्यापुढे धरलं. “मावशी, खाली ठेवू नका हं.”

मी तिची वेणीफणी करणारी. हात मागे घेतला. “अगं, मी विधवा. माझ्याकडे नको.”

“तुम्ही रोज जप करता. तुमच्याकडेच.”

नकली सुळे तिच्या मानेला टेकले. तिच्या किंकाळीला टाळ्या पडल्या. तेवढ्यात ऑफिसातून हाक आली, “बाई, हॉस्पिटलचा फोन!”

ती आधी माझ्याकडे धावली आणि मान पुढे करून म्हणाली, “घाला.”

देवाचं नाव घेत मी ते तिच्या गळ्यात घातलं, आणि मगच तिला फोनकडे जाऊ दिलं.