पश्चिमेची घळ

युहुआने मेंढीच्या तोंडावर तळहात दाबून धरला आणि स्वतःचाही श्वास रोखला. बाहेर पावलं वाजत होती.

चार मेंढ्या, दोन कोकरं आणि ती, सगळी भिंतीला चिकटून उभी होती. घळीच्या मातीच्या कड्यात कोरलेलं हे जुनं घर कधीचं ओसाड पडलं होतं. दाराला कवाडही नव्हतं.

डोंगरावर चराईला बंदी येऊन बरीच वर्षं झाली होती. मेंढ्या पाळा, पण घरी बांधून. युहुआने ते इतकी वर्षं पाळलंही होतं. यंदा मात्र पाऊस नव्हता, मक्याची वैरण संपली होती आणि चारा कापणारा नवरा कंबर मोडून अंथरुणाला खिळला होता. मेंढ्यांचं दूध आटलं. तिसरं कोकरू परवाच गेलं.

आणि चराईचा राखणदार बाओशान कोणाला सोडत नसे. वसंतात त्याने सख्ख्या मावशीची मेंढी जप्त केली होती. मावशी दारात रडत बसली, तरी त्याने हातातला दोर सोडला नाही.

आज सकाळीच तो युहुआच्या दाराशी थांबला होता.

“काकू, मेंढ्या घरातच ना?”

“घरातच. तुझ्या धाकाने ओरडतसुद्धा नाहीत बिचाऱ्या.”

तो हसला नाही. “आज दिवसभर मी पूर्वेच्या टेकडीवर आहे. सगळ्यांना सांगून ठेवतोय. उगाच कोणी सापडायला नको.”

म्हणून ती पश्चिमेच्या घळीत आली होती. मेंढ्या जेमतेम तासभर चरल्या असतील, तोच खालच्या वळणावर चाहूल लागली.

आता पावलं अगदी जवळ आली. एकट्याची नव्हती. बरीच होती, घाईघाईची. माणसं घेऊन आलाय, तिला वाटलं. पूर्वेचं नाव सांगून मला बरोबर इथे आणलं मेल्याने.

तेवढ्यात कोकरू ओरडलं.

बाहेर सगळं एकदम थांबलं.

“आत कोण आहे?” बाओशानचाच आवाज, पण दबका.

ती भिंतीला आणखी चिकटली.

“ऐकलंय मी. कोण आहे ते सांगा.”

नवऱ्याला काय तोंड दाखवायचं, एवढंच तिच्या मनात आलं. तिने लहान कोकरू छातीशी धरलं.

“मी आहे, युहुआ. न्यायच्या तर मोठ्या ने, बाओशान. कोकरं राहू दे. त्यांनी अजून गवताला तोंड लावलेलं नाही.”

मग दारातला उजेड झाकला गेला आणि बाओशान वाकून आत आला. तो घामाने निथळत होता. त्याच्या मुठीत तीन दोर होते आणि दोरांना त्याच्याच तीन मेंढ्या, तोंडं गवताने हिरवी झालेल्या.

“काकू, जरा सरका,” तो म्हणाला. “तालुक्याची जीप वर येतेय.”