थायराची क्षमा

एनारने दारू पिऊन गाडी चालवली आणि तिच्याखाली सापडून थायराची एकुलती एक लेक मारेन जागीच गेली. तेव्हापासून डेन्मार्कमधल्या युटलंडच्या त्या छोट्या चर्चमध्ये प्रार्थनेत अपराध्यांना क्षमा केल्याची ओळ आली, की थायराचे ओठ आपोआप मिटायचे.

कितीतरी वर्षांनी तिचं मन वळलं. तोवर एनार वृद्धाश्रमात जाऊन पडला होता आणि त्याला काहीच आठवत नव्हतं. थायराने त्याला सगळं सांगितलं. म्हणाली, "मी तुला माफ केलंय रे." तो हमसून हमसून रडला. त्या दिवशी ती हलकी होऊन घरी आली.

पुढच्या रविवारी चर्च सुटल्यावर ती त्याच्यासाठी राय नावाच्या धान्याच्या पावाची पेज घेऊन गेली. त्याने तिला ओळखलंच नाही. तिने पुन्हा सांगितलं. पहिल्यांदाच ऐकल्यासारखा तो पुन्हा तितकाच रडला, छाती धरून.

त्याच्या पुढच्या रविवारी पेज खाता खाता त्याने विचारलं, "काय हो बाई, मुलंबाळं काय तुम्हाला?"

"एक लेक. मारेन."

"बरी आहे ना?"



"मजेत आहे," थायरा म्हणाली, आणि तिने पुढचा चमचा त्याच्या तोंडाशी धरला.