मिटलेल्या डोळ्याची सही

“ही सही तुमची नाही,” काचेआडून कारकून झुलैदीबाई म्हणाल्या.

जुरासी पेसान्यांनी ती आत्ताच, बाईंच्या डोळ्यांदेखत केली होती.

नोंदणी कचेरीतल्या घड्याळात बारा वाजायला पाच मिनिटं होती. राजीनाम्यावर ‘सही खरी’ असा शिक्का घेऊन बाराच्या आत समोरचं टीव्ही केंद्र गाठलं नाही, तर करार आपोआप पाच वर्षांनी वाढणार होता. आणखी पाच वर्षं पहारेकरी तिबुर्सियोची भूमिका! आधी रेडिओवर, मग टीव्हीवर, एकवीस वर्षं तेच. चोर फ्रिज उचलून नेतात, आणि तिबुर्सियो एक डोळा उघडून म्हणतो, “मी जागाच होतो!” सगळं रिओ हसतं.

बाईंनी नोंदीचं जुनं कार्ड काचेला टेकवलं. त्यावर ऐसपैस अक्षरांत ‘तिबुर्सियो’ आणि शेजारी एक मिटलेला डोळा.

“अहो, ती गंमत होती! रेडिओच्या दिवसांत तुम्हीच सगळे मागे लागला होतात.”

“इथं गंमत होत नाही. नोंद होते.” बाईंनी कॉफीत तिसरा चमचा साखर घातली. “नवी सही नोंदवायची तर साहेब लागतात. साहेब परवा येतील.”

जुरासींनी घड्याळाकडे पाहिलं. मग पेन घेतलं, खाली ‘तिबुर्सियो’ लिहिलं आणि शेजारी डोळा काढला. पापण्यांसकट.

“आता कसं!” बाईंनी धाडकन शिक्का मारला. मग सवयीनं कागद वाचला आणि थबकल्या. “सही तिबुर्सियोंची, पण राजीनामा कुणा पेसान्यांचा. असा कागद कसा सोडू? त्यांना घेऊन या.”

जुरासींनी ओळखपत्र काचेखालून सरकवलं. बाईंनी फोटो बराच वेळ न्याहाळला.

“यात तर दोन्ही डोळे उघडे आहेत.”

“बाई, पेसान्या मीच आहे!” जुरासी ओरडले. आवाज फाटला, डोळ्यांत पाणी आलं. “मीच आहे हो पेसान्या!”

मागची सगळी रांग खो खो हसत सुटली. घड्याळात बाराचे टोल पडले.

“हे नवीन आहे हं,” एक म्हातारा डोळे पुसत शेजारणीला म्हणाला. “यावर अजून पाच वर्षं आरामात निघतील.”