ताकभाताचा चमचा

आईनं बरणीच्या तोंडाला बांधलेला दादरा सोडला आणि ती मटकन खालीच बसली. कैरीच्या लोणच्यावर पांढरी बुरशी पसरली होती. वर्षाचं लोणचं गेलं.

"पाळी असताना शिवलीस ना बरणीला?" बाबांदेखत, माझ्या भावांदेखत तिनं वहिनीला विचारलं. वहिनीच्या लग्नाला तेव्हा चार महिनेही झाले नव्हते. "नाही हो आई, शप्पथ," एवढंच ती पुटपुटली आणि रडायला लागली. मी दाराशी गप्प उभी होते. शाळेतून आल्यावर ताकभाताचा ओला चमचा तसाच बरणीत बुडवून फोडी पळवणारी मीच होते.

त्यानंतर तीस वर्षं आईनं तिला लोणच्याच्या बरणीपाशी फिरकू दिलं नाही. उन्हाळ्यात कैऱ्या आल्या की वहिनी आपणहून गहू निवडायला मागच्या अंगणात जाऊन बसायची. मी माहेरपणाला आलेली असायचे, सगळं बघायचे आणि जाताना लोणच्याचा डबा घेऊन जायचे.

आई माघात गेली. परवा माहेरी गेले ते ठरवूनच, की आता सांगून टाकायचं. पानावर बसल्यावर म्हटलं, "वहिनी, ते तेव्हाचं लोणचं..."

तिनं बरणी माझ्यापुढे सरकवली. चमचा पदरानं कोरडा पुसला आणि माझ्या हातात दिला.

"घ्या, यंदा मी घातलंय. पहिल्यांदाच," ती म्हणाली. "ताकभाताचा चमचा तेवढा बुडवू नका हं, वन्सं."